तांब्यांच्या बागेत औषध कोणी मारलं?

१

तांब्यांच्या बागेतल्या आंब्यात कीटकनाशक निघालं, ही बातमी तेजल तांबेच्या कानावर पडण्याआधी पावसच्या बाजारात फिरून आली होती. दोष आप्पांच्या आवाजाचा. आप्पा फोनवर बोलायला लागले की समोरच्या माणसाला फोनची गरजच उरत नाही. प्रयोगशाळेतून त्यांना निरोप आला, त्यांनी भर रस्त्यात "काय? आपल्या आंब्यात सायपरमेथ्रिन?" अशी आरोळी ठोकली आणि उरलेला मजकूर बाजाराने आपल्या पदरचा घातला.

तेजल पेट्यांसाठी सुतळी घ्यायला आली होती. दुकानदाराने सुतळी दिली आणि वर न मागता सहानुभूती दिली, तेव्हा तिला कळलं. तिने स्कूटर तशीच आप्पांच्या घराकडे पिटाळली.

आप्पा म्हणजे त्यांच्या सेंद्रिय बागायतदार गटाचे अध्यक्ष आणि तेजल सचिव. या गटाची रीत साधी. एकमेकांच्या बागा एकमेकांनी तपासायच्या आणि शिक्का सगळ्यांचा मिळून एकच घ्यायचा. सुरुवातीला लोक हसले. "शेण नि गोमूत्र शिंपडून हापूस धरतो होय?" म्हणाले. आता पुण्या-मुंबईची दुकानं मोहोर दिसायच्या आधीच फोन करत होती, पोटुशा मुलींच्या आया पेट्या राखून ठेवायला सांगत होत्या आणि यंदा पहिल्यांदाच गटाचा आंबा समुद्रापार जायचा होता. पण शिक्का एक असला की सुक्याबरोबर ओलंही जळतं. एका बागेत औषध निघालं की सगळ्यांचाच आंबा खोटा.

शिवाय गटात बौद्धवाडीतलं घर एकच होतं, तांब्यांचं. ते गटात यावं की नाही यावर दोन पावसाळे कुजबुज चालली होती. तेजलला सगळ्यात जास्त भीती वाटली ती त्या कुजबुजीची. उद्या कोणी "एक बाग खोटी निघाली" असं म्हणणार नव्हतं. "त्यांच्यातलीच निघाली" असं म्हणणार होतं.

"आप्पा, मला थोडा वेळ द्या," ती उंबऱ्यातूनच म्हणाली. "बाबांच्या बागेत औषध येणं शक्य नाही. मी शोधून काढते."

आप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा आवाज खाली आणला. "शोधतंस काय बाय? संध्याकाळी बैठक बोलावलीय. तुझ्या बाबाचा मघाशीच फोन येऊन गेला. म्हणाला, औषध मीच मारलं. मला गटातनं काढा नि बाकीच्यांना वाचवा."

२

दत्ताराम तांबे बागेतच होते. जयगडच्या बंदरावर उभा जन्म काढून त्यांनी हा कातळ घेतला, सुरुंग लावून खड्डे केले, बाहेरची माती आणून कलमं लावली. त्याही आधी, तरुणपणी, ते मजुरीने दुसऱ्यांच्या बागांत औषध फवारत. एकदा पंप पाठीवर असतानाच घेरी येऊन पडले, महिनाभर हाताची कातडी सोलत होती. त्यानंतर औषधाच्या बाटलीला त्यांनी हात लावला नाही. असा माणूस उतारवयात चोरून फवारतो, हे म्हणजे दारू सोडलेल्याने नातवाच्या बारशाला पिण्यासारखं होतं.

"बाबा, खरं सांगा."

"सांगितलं ना आप्पांना." ते झाडाच्या बुंध्याकडे बघत बोलत होते.

"कधी मारलंत?"

"मोहोरात. तुडतुडे पडले होते."

"किती?"

"चांगलं झाड भिजेपर्यंत. जा आता, डोकं खाऊ नको."

तेजल गेली नाही. तिला एका जागी उभंही राहवेना. ती कलमांमधून येरझारा घालायला लागली. दगडी गडग्याच्या कडेला मधमाश्यांच्या पेट्या होत्या आणि त्यांच्या तोंडाशी माश्यांची ये-जा नेहमीसारखीच चालली होती. ती थबकली. मोहोरावर मधमाश्या तुटून पडतात. त्या वेळी झाड भिजेपर्यंत ते औषध मारलं असतं तर पेट्यांपुढे मेलेल्या माश्यांचा सडा पडला असता. सडा सोडाच, यंदा मध नेहमीपेक्षा जास्त निघाला होता.

आणि दुसरी गोष्ट. प्रयोगशाळेने औषधाचा जो अंश सांगितला होता, तो इतका बारीक होता की साध्या बाजारातल्या आंब्यात तो कोणी मोजलाही नसता. झाड भिजवणारा एवढ्यावर सुटत नाही.

म्हणजे बाबा खोटं बोलत होते, आणि तेही अगदी वाईट बोलत होते, कारण त्यांना सवय नव्हती. स्वतःला वाचवायला माणसं खोटं बोलतात हे तेजलने पाहिलं होतं. स्वतःला बुडवायला कोणी खोटं बोलत असेल तर त्याला दुसऱ्या कोणालातरी वाचवायचं असतं.

कोणाला?

३

पहिला संशय अमरदीपवर. हा वाडीतलाच, नात्याने चुलतभाऊ. गटाचा आंबा पेट्यांत भरून विकायचं काम त्याच्याकडे. मागणी वाढली, माल अपुरा पडला, की बाहेरचा आंबा आपल्या पेटीत सरकवण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. आणि बाबांचा त्याच्यावर जीव.

"तू माझ्यावर संशय घेतेस?" अमरदीपने हातातला आंबा पेंढ्यात ठेवला. तो एवढा दुखावला की तेजलला तिथून पळून जावंसं वाटलं. "ताई, गिऱ्हाईक फोनवर विचारतं, माझं पोर हा आंबा सालीसकट चोखेल, चालेल ना? मी चालेल म्हणतो. ते म्हणताना माझी छाती फुगते गो. आणि मी त्यात भेसळ करू?"

"तसं नाही रे..."

"तसंच आहे. पण मला एक सांग, तपासणीला आंबे कुठून घेतले? माझ्या पेटीतून?"

तेजलने कपाळावर हात मारला. तपासनीस बाई तिच्याच देखत शिडीवर चढल्या होत्या. नमुना झाडावरून काढला होता. पेटीपर्यंत आंबा पोचण्याआधीच औषध त्याच्यावर होतं. अमरदीप सुटला, पण तोंड फिरवून बसला.

दुसरा भागोजी. गडग्यापलीकडची बाग त्याची. तो गटात नाही, औषध मारतो आणि मारतो म्हणून सांगतोही. त्याच्या फवाऱ्याचे तुषार इकडे आले असतील, आणि शेजारधर्म म्हणून बाबा गप्प बसले असतील.

भागोजी पडवीत पाय पसरून बसला होता. "ये गो, सेंद्रिय बाय. तुमचा आंबा विमानातनं जायाचा होता, तो उतरला म्हणतात खाली?"

"भागोजीकाका, तुम्ही यंदा सायपरमेथ्रिन मारलंत?"

"ता? ता आता पाण्यावानी झाला. तुडतुडे आंघोळ करतात त्यात. मी दुसरा आणतंय. बाटल्या पडल्यात बघ मागे, बघून ये." तेजल खरोखरच बघून आली. एकही बाटली त्या औषधाची नव्हती. भागोजी तिच्याकडे बघत राहिला आणि मग चेष्टा सोडून म्हणाला, "नि हे बघ, माझी बाग उगवतीला. तुमच्या बाईनं आंबे काढलान ते मावळतीच्या उतारावरचे, मी हितनं बघत होतो. वारा दर्यावरनं येतो. माझं औषध वाऱ्याच्या उलट चालत गेलं काय?"

भागोजीही सुटला. दिवस मात्र हातातून सुटत चालला होता. तेजल दोन घोट पाणी प्यायली, तेही उभ्याने.

आता उरला पंप. गटाचा फवारणीचा पंप एकच होता आणि तो आप्पांच्या पडवीत असे. तो कोणी बाहेर भाड्याने दिला असेल, त्यात औषध भरलं गेलं असेल, तर? पण मग खोटं बोलून बाबा वाचवत होते ते आप्पांना!

४

आप्पा घरी नव्हते. त्यांची बायको सखूकाकू अंगणात दुपारचं वाळवण राखत बसल्या होत्या. पंप भिंतीला टेकून होता.

"काकू, हा पंप कोणाला दिला होता?"

"बाहेर? हे मला हात लावू देत नायत त्याला, बाहेर देतात काय! सगळ्या बागांत तोच फिरला. आधी आमची, मग तुमची, मग बाकीच्यांची."

तेजल मनातल्या मनात पंपाच्या मागे सगळ्या बागा फिरून आली. नमुने प्रत्येक बागेतून घेतले होते. तांब्यांच्या आधीची बाग स्वच्छ होती, नंतरच्याही स्वच्छ. पंप बाहेर गेलाच नव्हता, आणि प्रत्येक बागेनंतर आप्पा तो उकळत्या पाण्याने तीनतीनदा धुवायला लावत. नाही. विष पंपात नव्हतं, पंपात जे भरलं त्यात होतं, आणि ते फक्त तांब्यांच्याच बागेत भरलं गेलं होतं. त्या धुण्यामुळेच पुढचे वाचले.

पण फवारलं काय जातं? कडुलिंबाचा अर्क सगळ्यांचा एकत्र होतो. वेगळा होतो तो फक्त मासळीचा अर्क. मासळीची घाण नि गूळ पिंपात कुजवायचं आणि पाण्यातून फळांवर मारायचं. तो ज्याचा त्याने करायचा.

आप्पांचं पिंप गोठ्याच्या बाजूला होतं. तेजल तिकडे वळली आणि नाकाला ओढणी लावली. बंदरावरची ताजी मासळीची घाण, डोकी, कल्ले, खवले. पिंपावर माश्यांचं असं मोहोळ उठलं होतं की झाकण दिसत नव्हतं.

"हड्!" सखूकाकू लांबून ओरडल्या. "ह्यांचा तो वास नि त्या माश्या! जेवण जात नाय माणसाला."

तेजल माश्यांकडे बघत उभी राहिली.

तिच्या स्वतःच्या घरी जेवण जात होतं. तांब्यांचं पिंप तर परसात, चुलीपासून हाकेच्या अंतरावर होतं आणि कधी कोणाची तक्रार नव्हती.

ती स्कूटर कशी चालवत घरी आली ते तिला कळलं नाही. परसात पिंप आडवं पडलं होतं. कोणीतरी आजच ते उपडं केलं होतं. अर्क कातळावर पसरून उन्हात सुकत होता, वास डोक्यात जात होता. मे महिन्याची दुपार, सांडलेली मासळी, आणि तिच्यावर एकही माशी नव्हती.

पिंपाच्या पलीकडे हातात फावडं घेऊन बाबा उभे होते.

"बघू नको तेजू," ते म्हणाले. "तुझ्या पाया पडतो, इथेच थांब."

५

थांबणं तेजलच्या रक्तात नव्हतं. सांडलेल्या गाळात डोकी नव्हती, कल्ले नव्हते. बारीक वाळलेले जवळे होते, फुगून वर आलेले. सुकट! बाकीच्यांचा अर्क ताज्या मासळीचा, यांचा सुकटीचा. आणि सुकट घरात आणणारं माणूस एकच.

जाईबाई, दत्तारामांची थोरली बहीण. तरुणपणी विधवा झाली, हर्णेच्या बाजूने सुकी मासळी आणून गावोगाव डोक्यावरून विकली, त्यावर भावाला शिकवलं. तेजलची आई गेल्यावर तेजलला वाढवलंही तिनेच. बाबा कोणासाठी बुडायला तयार होतील, याचं उत्तर सकाळपासून घरात बसलं होतं.

"आज कळलं तुम्हाला?" तेजलने विचारलं.

"निकालात औषधाचं नाव ऐकलं नि डोक्यात उजेड पडला. तिला ठाऊक नाय तेजू. तिला कळता कामा नये. माझं काय, बाग गटाबाहेर गेली तर जाऊ दे. पण ही गोष्ट फुटली तर तिच्या सुकटीच्या पाटीला कोण हात लावेल?"

आत्या पडवीत पोत्यांना टेकून पान जुळवत होती. तेजल तिच्यापाशी बसली. कसं विचारावं ते सुचेना, म्हणून साधंच विचारलं.

"आत्ये, बागेच्या अर्काला तू जी सुकट देतेस, तिला माश्या कशा नाही लागत गं?"

आत्याच्या तोंडावर कौतुक पसरलं. कोणी कधी तिच्या धंद्याचं विचारलं नव्हतं. "लागतील कशा? मी ठेवतंय नीट. पावडर भुरभुरवतंय ना वर! माशी बसली का आळी पडते, आळी पडली का माल गेला. एका व्यापाऱ्यानं शिकवलान मला, तुझा बाबा शाळेत होता तेव्हा."

"कसली पावडर?"

"ती मुंग्या-झुरळांची गो. खायच्या मालाला चिमूटभर, सगळेच मारतात, धुतली का जाते. बागेच्या पोत्याला चांगली ओंजळभर मारतंय. ती काय खायची नाय, नि पडून राहायची लय दिवस. तुझ्या बाबाच्या बागेला नासका माल देऊ काय मी?" पोत्यामागे पावडरीचा डबा होता आणि त्यावर बारीक अक्षरांत तेच नाव होतं, सायपरमेथ्रिन.

असं होतं ते. जन्मभर माशीशी भांडलेल्या बाईने बागेसाठी राखलेल्या मासळीवरही माशी बसू दिली नव्हती. कुजवायची मासळी असली म्हणून काय झालं, मासळीची हेळसांड तिला ठाऊकच नव्हती. तेजलला आत्याच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं, आणि रागही आला, आणि दोन्ही एकदम करता येईना म्हणून ती नुसती उठून उभी राहिली.

"काय झालं गो? तोंड का उतरलं?"

बाबा दारात येऊन उभे होते. बैठकीची वेळ झाली होती.

६

आप्पांच्या अंगणात गट जमला. बाबा एका कडेला, हात जोडूनच बसले होते. भागोजी बोलावलेला नसताना आला होता. आत्याही आली, आपल्या भावाला कोण काय बोलतं ते बघायला.

"दत्तारामनं कबूल केलाय," आप्पांनी सुरुवात केली. "तेव्हा वाढवायला नको."

"बाबांची कबुली खोटी आहे," तेजल म्हणाली.

मग तिने एकेक सांगितलं. मोहोरात औषध मारलं असतं तर मधमाश्या जगल्या नसत्या. झाड भिजवलं असतं तर अंश एवढा बारीक निघाला नसता. नमुना झाडावरचा, म्हणून पेट्या भरणारा दोषी नाही. उतार मावळतीचा, म्हणून शेजारी दोषी नाही. मागच्यापुढच्या बागा स्वच्छ, म्हणून पंप दोषी नाही. "विष मासळीच्या अर्कातून आलं. मासळीवर माशी बसू नये म्हणून कोणीतरी..."

इथे ती अडकली. बोलावं तर आत्याची पाटी कायमची खाली उतरणार होती. न बोलावं तर बाबा चोर ठरणार होते, आणि त्यांच्यामागे वाडी. तिने बाबांकडे पाहिलं. ते मान हलवून नको म्हणत होते.

"कोणीतरी कोण?" गटातला एकजण कुत्सितपणे म्हणाला. "नाव नसेल तर ती नुसती गोष्ट झाली. शेवटी त्यांच्यातलाच..."

"मी." आत्या उभी राहिली होती. दुपारच्या प्रश्नाचा अर्थ तिला आत्ता लागला होता. "पावडर मी मारली. माझ्या भावाला काय बोलू नका. त्यानं माझ्यासाठी खोटं बोललान. नि मी आडाणी असेन, पण लबाड नाय."

मग सखूकाकूंचा आवाज आला, हळू.

"जाईबाय, आम्ही तुझीच सुकट खातो."

"मी पण तीच खातंय सखू," आत्या म्हणाली. "ह्या पोरीला तीच भरवून वाढवलंय." ती आप्पांकडे वळली. "तुमचा आंबा लांबचे लोक खाणार, तर त्याला तपासायला शिडी लावून बाई आली. माझी सुकट हितले लोक खातात. तिला कोण आला कधी बघायला? कोणी आला असता तर मला तेव्हाच कळला असता ना!"

आप्पांनी निकाल दिला, आणि तो त्यांच्या नेहमीच्या आवाजात, नाक्यापर्यंत जाईल असा दिला. तांब्यांचा यंदाचा आंबा शिक्क्याशिवाय जाईल. चूक काय झाली ते गट स्वतः गिऱ्हाइकांना लिहून कळवेल, परदेशची खेप राहिली तर राहील. पण दत्ताराम गटातच राहील आणि ज्याला ते बघवत नसेल त्याने आपला पंप वेगळा घ्यावा. मघाचा कुत्सित माणूस चपला शोधायला लागला.



दुसऱ्या दिवशी सकाळी तेजल उठली तेव्हा पडवीतली सगळी पोती खड्ड्यात ओतून झाली होती आणि आत्या रिकामी पाटी घेऊन दारात उभी होती. "चल माझ्यासंगती," ती म्हणाली. "ज्यांना ज्यांना दिली त्यांच्याकडनं परत घ्यायची. तू नीट सांग त्यांना, मला धड सांगता येणार नाय."

पहिलं घर सखूकाकूंचं पडलं. काकूंनी शिंक्यावरचा डबा काढला, पाटीत उपडा केला आणि डबा हातातच धरून उभ्या राहिल्या. आत्याला मान वर करवेना. तेजलने बोलायला तोंड उघडलं, पण काकूंनी तिला हातानेच थांबवलं.

"पाऊस तोंडावर आलाय जाईबाय," त्या म्हणाल्या. "चार महिने माझ्या घरात कालवण कशाचं करू? पुढच्या खेपेला बिनपावडरीची आण. आळ्या पडल्या तर पडू देत, मी निवडून घेईन."

आणि डबा धुऊन ठेवायला त्या आत गेल्या.